दोन बेंब्यांची गोटी

“इतकी वर्षं काय गोट्या खेळत होतास?” हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नसतो. ऐकणाऱ्याने मान खाली घालावी एवढीच अपेक्षा असते. आमच्या आत्याने तो मला भाच्याच्या हळदीत विचारला. भिवंडी तालुक्यात हळद लग्नाहून मोठी असते, त्यामुळे ऐकायला पाचशे माणसं आणि एक बेंजो पार्टी हजर होती. मी मान वर ठेवून म्हणालो, “खेळत नव्हतो, आत्या. जमवत होतो.”

बेंजोवाल्याचा ताल चुकला, असं बायको अजून सांगते.

मी वडप्याचा. मुंबईहून नाशिकला जाताना जिथे तुमची गाडी थांबते आणि तुम्ही काच खाली करून “आता काय झालं?” असं रस्त्याला विचारता, ते वडपे. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर सुसाट धावत येतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला. तो आमच्या शेजारी आमण्याला येऊन टेकतो आणि पुढचं सगळं आमच्या अंगावर सोडतो. वडपे ते माजिवडा हा साधारण २४ किलोमीटरचा रस्ता आठ पदरी होतो आहे. होतो आहे, हा त्यातला महत्त्वाचा भाग. बाकी जिकडे भात होता तिकडे गाळे झाले. काशीला एकदा तरी जावं असं पूर्वी माणसांना वाटायचं, तसं हल्ली देशातल्या प्रत्येक खोक्याला एकदा तरी भिवंडीच्या गाळ्यात पडून राहावंसं वाटतं.

माझ्या बरोबरीच्यांनी जमिनी दिल्या, गाळे बांधले, भाडी घेतली. मी माळ्यावर सापडलेला डालड्याचा डबा घेतला. त्यात ४३ गोट्या होत्या, एक छर्रा होता आणि एक मेलेलं झुरळ. छर्रा म्हणजे बेअरिंगमधली पोलादी गोळी. ज्याच्याकडे छर्रा त्याच्याशी खेळायचं नाही, असा आमचा नियम होता, कारण तो समोरच्याची गोटी नुसती मारत नसे, तिचे दोन तुकडे करत असे. झुरळ सोडून बाकी ऐवज मी धुऊन पंचावर मांडला आणि सहज मोबाइलवर पाहिलं, जुन्या गोटीला काय भाव आहे. तिथेच माझं वाटोळं झालं.

लोक एका गोटीला हजारो रुपये सांगत होते! आम्ही रुपयाला ढीगभर आणायचो. मग वाचायला लागलो. आपल्या पूर्वजांनी जमिनीच्या सातबाऱ्याचा जेवढा अभ्यास केला नसेल, तेवढा मी गोटीचा केला.

तर, जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात लाउशा नावाचं गाव आहे. काचकामाचं जुनं गाव. तिथल्या एलियास ग्रायनर नावाच्या काच कारागिराने १८४०च्या दशकात एक कात्री काढली. चिमटा म्हणा हवं तर. एका टोकाला वाटीसारखा खोलगट भाग, दुसऱ्या बाजूला पातं. रंगीत काचेच्या दोऱ्या आत घातलेली गरम कांडी ओढायची, पीळ द्यायचा, वाटीत घालून फिरवायची, गोल झाली की कापायची. चकली पाडताना सोऱ्याच्या तोंडाशी बोट फिरवून तुकडा तोडतात ना, तसं थोडंसं. पण कापलं की खूण राहते. कांडीला जिथे जोडलेली होती तिथे एक, आणि समोरच्या बाजूला एक. म्हणजे हातच्या गोटीला बेंबी असते, आणि एक नाही, दोन असतात. माणसाला एक आईच पुरते. गोटीला पुढची आणि मागची अशा दोन गोट्यांपासून सुटावं लागतं.

पुढे अमेरिकेतल्या ॲक्रनच्या मार्टिन ख्रिस्टेन्सन यांनी १९०५मध्ये गोळे करण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. गोटी खाचा असलेल्या रुळांवर गरगरत गोल व्हायला लागली आणि हळूहळू बेंबी गेली. यंत्राच्या पोटी आलेल्याला नाळ कुठून असणार? पहिल्या महायुद्धात जर्मन माल अमेरिकेला पोहोचेना, तेव्हा तिकडच्या यंत्रांना आणखी जोर आला. हे सगळं मी एका रात्रीत वाचलं आणि पहाटे चार वाजता टॉर्च घेऊन डालड्याच्या डब्यातल्या ४३ गोट्यांची बेंबी शोधली. एकीलाही नव्हती. सगळ्या यंत्राच्या. मला फार एकटं वाटलं.

एवढ्या अभ्यासानंतर शहाण्या माणसाने खरेदी करायला नको होती. पण ज्ञान झालं की ते कुठेतरी खर्च करावंसं वाटतं.

मोबाइलवर विकायला असलेल्या गोट्यांची वर्णनं वाचणं ही स्वतंत्र करमणूक आहे. “आजोबांच्या पेटीतली” हा पहिला प्रकार. आजोबांच्या पेटीत इतक्या गोट्या असतील तर आजोबा करत काय होते, हे कोणी सांगत नाही. आणि एकाच पेटीचा तोच फोटो चार वेगवेगळे नातू टाकतात, म्हणजे आजोबांचा वंशविस्तारही भरपूर. दुसरा प्रकार ऐतिहासिक. एकाने “पेशवेकालीन गोटी, वाड्याच्या तळघरातून” अशी लावली होती. फोटो बघितला तर स्वच्छ काचेच्या आत पिवळी-निळी पाकळी. मांजराच्या डोळ्यासारखी दिसणारी, आपण सगळ्यांनी खेळलेली गोटी. ही पाकळीची गोटी जपानी लोकांनी दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५०च्या आसपास जगभर पाठवायला सुरुवात केली. पेशवाई बुडाली १८१८ला. मधे सव्वाशे वर्षांहून जास्त अंतर. विक्रेत्याला हे नम्रपणे कळवलं, तर त्याने किंमत शंभर रुपयांनी कमी केली. म्हणजे वर्षाला रुपयासुद्धा नाही.

तिसऱ्याने देशभक्ती विकायला काढली होती. “पैसा फंडाची अस्सल गोटी, लोकमान्यांच्या काळची.” आता तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना खरा. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करायची कल्पना काढली, टिळकांनी ती उचलून धरली, १९०८मध्ये कारखाना उभा राहिला, आणि काचेचं शिक्षण परदेशात घेऊन आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे पोरं तयार केली. मराठी माणसाचा ऊर भरून यावा अशी गोष्ट. ऊर भरला की खिसा रिकामा होतो, हे विक्रेत्याला ठाऊक होतं. मी विचारलं, “ही तळेगावचीच कशावरून?” तो म्हणाला, “काचेत देशी तेज आहे.” यावर काय बोलणार? काचेच्या गोटीवर कारखान्याचा शिक्का नसतो. तिचा जन्मदाखला म्हणजे विकणाऱ्याची जीभ.

मी स्वतः फसलो तो हत्तीपायी. पारदर्शक गोटीच्या पोटात पांढऱ्या मातीचं छोटं चित्र घालायची जर्मन तऱ्हा होती. कुत्रा, मेंढी, पक्षी, काहीही. मातीच्या आकृतीभोवती हवेचा पातळ थर अडकतो, त्यामुळे ती काचेत चंदेरी दिसते. अशी एक गोटी, आत हत्ती, किंमत अठराशे. “हत्ती आहे म्हणजे संस्थानिकांसाठी बनवलेली,” असं खाली लिहिलेलं. फोटोत गोटी अशी चकाकत होती की मला माझंच हसू आलं नाही. मंडईत वांग्यावर तेलाचा हात फिरवतात हे मला चांगलं माहीत आहे. पण गोटीवरही ग्लिसरिनचं बोट फिरवतात, म्हणजे चरे बुजतात आणि मागून दिवा लावला की कोळशालाही माणिक म्हणावंसं वाटतं, हे नंतर कळलं. “शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो पाठवा,” हेही मला नंतर सुचलं. नाणं ठेवलं की आकार लपत नाही. नाणं ठेवायला जो कुरकुरतो त्याला आपला रुपया देऊ नये.

पार्सल पुण्याहून निघालं आणि तिसऱ्या दिवशी मोबाइलवर दिसलं की भिवंडीला पोहोचलं. कुठल्या गाळ्यात, तेही कळलं. आमच्या गच्चीवरून दिसतो तो. मी गच्चीवर खुर्ची टाकून बसलो. चौथा दिवस, पाचवा दिवस. माझा हत्ती समोर पत्र्याखाली आणि मी उन्हात. फोन केला तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली की पार्सल आपल्या शहराच्या वाटेवर आहे. आठव्या दिवशी आमच्याच आळीतला पोरगा मोटारसायकलवर घेऊन आला. म्हणाला, “दादा, आमच्याच गाल्यान पडून व्हती.”

आणि तो गाळा नेमका कुठे आहे? जिथे आमची गल होती. गल म्हणजे गोट्या खेळायला टाचेने गरगर फिरून केलेला खळगा. शाळेमागच्या चिंचेखाली आमची पिढीजात गल होती, मोठ्यांनी केलेली, आम्ही राखलेली. आता तिथे सिमेंटची फरशी, चार मजली फडताळं आणि काटे फिरवत हिंडणाऱ्या गाड्या. गलीचा गाळा झाला. हे वाक्य मी घरी मोठ्या दुःखाने उच्चारलं, तेव्हा बायको म्हणाली, “आधी खोकं उघडा.”

उघडलं. हत्तीला सोंड होती की नव्हती, यावरून घरात दोन तट पडले. मी हत्ती म्हणालो, बायको डुक्कर म्हणाली. मुलगा तटस्थ राहून म्हणाला की कापूस असेल. मी भिंग लावून बेंबी शोधली. एका बाजूला खरंच खडबडीत ठिपका होता! जीव हरखला. मग दिसलं की तो घासून केलेला आहे, सहाणेवर हळकुंड उगाळावं तसा. खरी बेंबी कापल्याची, तुटल्याची असते, नाहीतर भट्टीत पुन्हा शेकून गुळगुळीत झालेली असते. आणि अंगावरचा धुरकटपणा सगळीकडे अगदी सारखा. वाळूत घालून गरगर फिरवलेली असणार. खरी खेळलेली गोटी अशी एकसारखी म्हातारी होत नाही. ती दुसऱ्या गोटीवर आदळते तिथे काचेत बारीक चंद्रकोर उमटते, तिजेच्या चंद्राएवढी, कुठे एक, कुठे तीन, कुठे काहीच नाही. माणसांच्या सुरकुत्याही इस्त्री केल्यासारख्या नसतात.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो, कुणी ऐको न ऐको. जगातल्या मोठ्या संग्राहकांना चंद्रकोरी चालत नाहीत. त्यांना कोरी गोटी लागते. शंभर वर्षं डब्यात बसलेली, जिला कुणी टिचकी मारली नाही, जी कधी गलीत गेली नाही, हरली नाही, जिंकली नाही, तिला सर्वांत जास्त भाव. मैदानात कधीच न उतरलेल्याला सर्वांत वरची खुर्ची, हे आपल्याकडे इतर ठिकाणी मी पाहिलं होतं. गोट्यांत तरी नसेल असं वाटलं होतं.

हत्तीनंतर मी सावध झालो. पुढची एक गोटी आवडली तेव्हा विक्रेत्याला लगेच संदेश धाडला: “बेंबीचा फोटो पाठवा.” उत्तर नाही. मी लिहिलं: “दोन्ही बेंब्या दिसल्या पाहिजेत. जवळून. उजेडात.” पलीकडे बराच वेळ काहीतरी टाइप होत राहिलं, थांबलं, परत झालं. मग आलं: “सर मी फॅमिली पर्सन आहे.” मी घाईने लिहिलं: “गैरसमज नको. बेंबी घासलेली नसावी, एवढंच बघायचंय.” त्यावर त्याने मला कायमचं बंद करून टाकलं. एवढ्यावर भागलं असतं, पण माझा फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात असतो. संध्याकाळी भाकऱ्या नेहमीपेक्षा जोरात थापल्या जात होत्या. मी लाउशापासून सुरुवात करून ग्रायनरच्या कात्रीपर्यंत सगळा इतिहास सांगितला. तो सांगताना माझ्याच कानाला खोटा वाटत होता.

मग मी शास्त्राकडे वळलो. जुन्या काचेत कधी कधी युरेनियम घालत, पिवळट-हिरव्या रंगासाठी, आणि अशी काच जांभळ्या बत्तीखाली भुतासारखी हिरवी उजळते. नोटा तपासायला दुकानदार ठेवतात तीच बत्ती. मी एक आणली. तेवढ्यावरून गोटी जुनी ठरत नाही, हेही वाचलं होतं, कारण युरेनियमची काच हल्लीही करतात. पण बत्ती विकत घेतल्यावर असले विचार मागे पडतात. रात्री दिवे घालवून पडवीत गोट्या मांडल्या आणि बत्ती फिरवली. सगळ्या काळ्या. निराश होऊन उठणार तेवढ्यात पायरीच्या फटीशी काहीतरी हिरवंगार चमकलं. लखलखीत! मी ओरडलो, “सापडलं! युरेनियम!” आणि हात पुढे केला. युरेनियम दोन पावलं मागे सरकलं आणि त्याने शेपटी वर केली.

जांभळ्या उजेडात विंचूही चमकतो, हे गोट्यांच्या माहितीत कुणी लिहिलेलं नव्हतं. त्याच्याजवळ निदान एक अस्सल नांगी होती. अठराशे रुपयांच्या हत्तीकडे सोंडसुद्धा नव्हती.

आता खऱ्या गोटीची हकिगत. सर्व्हिस रोडचं खोदकाम आमच्या कुंपणाशी आलं तेव्हा जेसीबीने मातीचा ढीग आमच्या दारात ओतला. पावसाच्या पहिल्या सरीत त्यातून एक गोटी वर आली. फिक्कट हिरवी, पाणीदार, आत ना पाकळी ना पीळ. बेंबी नाही. पोटात दोन बुडबुडे. अंगावर सात चंद्रकोरी मोजल्या मी.

सोडागोटी! हिराम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७०च्या दशकात काढलेली बाटली. आत गोटी, गळ्यात रबराची चकती. बाटली उलटी धरून भरायची, गॅसचा दाब गोटीला चकतीवर घट्ट बसवतो, पिताना अंगठ्याने दाबली की फट्ट. मग ती गळ्याच्या चिमटीत अडकून बसते, सोडा तोंडात येतो, गोटी येत नाही. म्हणजे गोटी हवी तर बाटली फोडायची. इंग्लंडातल्या पोरांनीही तेच केलं, म्हणून तिकडे जुन्या बाटल्या दुर्मीळ झाल्या. आम्ही वज्रेश्वरीच्या चैत्रातल्या जत्रेत केलं, म्हणून आमच्या पाठी लाल झाल्या. आपल्या काचेतला हा हिरवा रंग वाळूतल्या लोखंडामुळे येतो. तो कुणी मुद्दाम घातलेला नसतो आणि म्हणूनच मला तो आवडतो.

मी ती धुऊन बोटांत धरली असताना शेजारचे आप्पा कुंपणावर आले. वय पंचाहत्तर, नजर घारीची. म्हणाले, “माजी गोटी हाय ती.”

“आप्पा, ती मातीत सापडली.”

“मंग? मातीनच हरवली व्हती. तू डाव अर्ध्यान टाकून पलाला व्हतास. मी पिदवाचा व्हतो तुला.”

पिदवणं म्हणजे हरलेल्याची गोटी मारत मारत लांब नेणं आणि त्याला ती तिथून कोपराने, नाहीतर टिचकीने परत आणायला लावणं. पन्नास वर्षांपूर्वीची थकबाकी होती. आठवलं मला. खोटं सांगत नाही, पळालो होतो. मोबाइलवरच्या सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा आप्पांचा राग जास्त विश्वसनीय होता. आता वाद मिटवायचा कसा? आमच्यात त्याचा एकच कायदा आहे. डाव.

पण गल करणार कुठे? अंगणात पेव्हर ब्लॉक, आळीत पेव्हर ब्लॉक, देवळासमोर पेव्हर ब्लॉक. गोटी ठेवली की आपली आपण गटाराकडे निघते. शेवटी महामार्गाच्या कडेला कंत्राटदाराच्या माणसांनी एक खांब उपटून नेला होता, त्याचा खळगा सापडला. आप्पांनी चप्पल काढून टाच फिरवली आणि पन्नास वर्षांनी वडप्यात गल तयार झाली. समोर नेहमीप्रमाणे वाहतूक ठप्प होती. दोन ट्रकचे ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरले आणि उकिडवे बसून बघायला लागले. आप्पांचा गुडघा वाकेना, माझी कंबर सरळ होईना. माझी पहिली टिचकी गोटीला लागलीच नाही. बोटाला मात्र लागली.

तेवढ्यात एक ड्रायव्हर पुढे आला. फिरोजाबादचा. जिथे अख्ख्या देशाच्या बांगड्या बनतात ते गाव. त्याने गोटी उचलली, ट्रकच्या हेडलाइटसमोर धरली, पापणीही न हलवता म्हणाला, “सोडे वाली है. बोतल टूटी थी, फेंकी नहीं.” भिंग नाही, बत्ती नाही, ग्लिसरिन नाही. मी दोन वर्षं जे वाचत होतो ते त्याने एका श्वासात वाचलं. मग म्हणाला, “मैं भी खेलूँ?”

आप्पांनी नियम सांगितला. जिंकेल त्याची गोटी. ड्रायव्हरने मधलं बोट मागे ओढलं, कमानीसारखं, आणि सोडलं. गोटी सरळ गलीत. दुसऱ्या डावात त्याने आप्पांची उडवली, तिसऱ्यात माझी. चौथ्याची गरजच उरली नाही. पुढच्या गाड्या हलल्या, मागच्यांनी हॉर्न दिले, तो गोटी खिशात टाकून धावत ट्रकमध्ये चढला आणि नाशिकच्या दिशेने गेला. माझ्या संग्रहातला एकमेव खरा नग त्याच्याबरोबर.

आप्पा बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे होते. मग वळून म्हणाले, “ती गेली. पन तुजं देनं अजून ऱ्हायलंच.”

मी खिशात हात घातला आणि अठराशेवाली गोटी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडाला धरली, डोळा बारीक केला, उलटी केली, सुलटी केली. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

“म्हस झकास हाय,” ते म्हणाले. “गाभन दिसते.”